हाताचं नरसाळं

अण्णाकाका,

गाडीच्या रेडिएटरचं झाकण त्या रविवारपासून कंपाउंडच्या भिंतीवर, तुमच्या जुन्या पंच्यावर पडून होतं. "लावू नकोस, आलोच मी," असं म्हणून तुम्ही घरात गेलात आणि आलाच नाहीत. त्यानंतर या अंगणात केवढी माणसं येऊन गेली. कोणी गाडीला टेकून रडलं, कोणी बॉनेटवर चहाचा कप ठेवला, पण त्या झाकणाला कोणी हात लावला नाही. मीही नाही. मी काही तुमचं सगळं ऐकणारी नव्हते, हे तुम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना पुरेसं सांगून ठेवलं आहे. पण या वेळी हात पुढे होईना.

उद्या तुमचा दहावा. गंगेवर विधीला कोण बसणार, तुमचा लांबचा पुतण्या दिगू की मी, हे आज संध्याकाळपर्यंत बाळूगुरुजींना कळवायचं होतं. या सगळ्या घोळाला सर्वस्वी तुम्ही जबाबदार आहात. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले आहे. रडूही येतं, पण रागाच्या मागून येतं.

जन्मभर नाशकात गंगेच्या घाटावर बसून तुम्ही लोकांच्या आईबापांना निरोप दिलात. आलेला माणूस कितीही गोंधळलेला असला तरी त्याला तुम्ही नेमकं सांगायचात: इथे बस, हे हातात घे, आता हे सोड. आणि स्वतःच्या बाबतीत मात्र कोणाला एक सरळ वाक्य सांगून ठेवलं नाहीत. म्हणजे सांगितलंत, पण प्रत्येकाला वेगळं.

मला काय सांगितलंत ते तुम्हाला आठवत असेलच.

रविवारी सकाळी घाटावरून आलात, धोतर बदलून ती तेलकट विजार चढवलीत आणि हाक मारलीत, "मुक्ते, गाडी लाव." गाडी लावायची म्हणजे तोंड फाटकाकडे, कारण फाटकाकडे अंगण चढतं आणि हवा काढायची तर रेडिएटर उंचावर हवा. हे मला शाळेत असल्यापासून पाठ आहे. खालचा नळ उघडून जुनं हिरवं पाणी घमेल्यात काढलं. शेजारची मांजर हुंगायला आली तेव्हा तुम्ही नेहमीसारखे खेकसलात. चवीला गोड लागतं म्हणून जनावर पितं आणि मरतं, हेही मला पाठ आहे. मग साध्या पाण्याने आतून धुतलं, नवा कूलंट भरला, इंजिन सुरू केलं आणि आपण ते तापण्याची वाट बघत उभे राहिलो.

आपलं सगळं बोलणं त्या वाट बघण्यातच व्हायचं. घरात तुम्ही पेपरामागे, घाटावर यजमानांमध्ये. पण इंजिन तापून आतली झडप उघडेपर्यंत तुम्हाला कुठे जाता यायचं नाही. बुडबुडे यायला लागले की पाणी खाली जातं, लगेच वरून भरावं लागतं, म्हणून तिथेच उभं राहावं लागतं. मी त्याचा पुरेपूर फायदा घ्यायचे.

"काका, एक विचारू?"

"बाबाचंच विचारणार."

"मग सांगा ना एकदा."

तुम्ही वरची रबरी नळी दाबून बघितलीत. गार होती. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "बाबाचं राहिलं ते राहिलं, मुक्ते. माझं तू कर."

आणि हसलात.

आता हेच मला सुटत नाही. तुम्ही हसलात का? तुमचं हसणं मला ओळखता येतं असं मी समजत होते. गुरुपौर्णिमेला कोणी जास्त वाकून नमस्कार केला तर हसायचात ते वेगळं, माझा स्वयंपाक जेवताना हसायचात ते वेगळं. हे कुठलं होतं? मी म्हटलं, "खरंच?" तर म्हणे, "आधी हीटर फुल कर." एप्रिलच्या उन्हात मी गाडीत बसून हीटर पुरता सोडला, घामाने चिंब झाले, आणि बाहेर आले तर तुम्ही पाठीवर हात ठेवून उभे. "जरा पाठ भरून आलीये. पाणी पिऊन येतो. झाकण लावू नकोस, आलोच मी."

मी इंजिन बंद करून आत धावले तेव्हा तुम्ही मोरीजवळ बसला होतात. आपली गाडी अंगणात आणि तुम्हाला न्यावं लागलं शेजाऱ्यांच्या गाडीतून. दवाखान्यात तुम्ही माझा हात धरलात, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि विचारलंत, "नळी गरम झाली का?" त्यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत.

बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. तुमचा धाकटा भाऊ, त्याची मी एकुलती एक मुलगी. आई तर मला आठवतही नाही. बाबांच्या दहाव्याला तुम्ही स्वतः त्यांच्यासाठी बसलात, बाळूगुरुजींनी मंत्र म्हटले, आणि मला काकूने पायऱ्यांवर वर, लांब, हात धरून उभं केलं. मला तुमची पाठ दिसत होती, बाकी काही नाही. संध्याकाळी मी विचारलं, बाबा माझे, मग पाणी तुम्ही का दिलंत? तुम्ही म्हणालात, तू लहान आहेस. पुढच्या वर्षी म्हणालात, शास्त्रात नाही. कॉलेजात मी कुठूनतरी वाचून आले आणि भांडले, तेव्हा म्हणालात, शास्त्रात आहे, पण रूढीत नाही. आणि एकदा, मी फारच पिच्छा पुरवला तेव्हा, म्हणालात, "त्या दिवशी ऊन फार होतं गं." ते ऐकून मी पानावरून उठले होते. ऊन! वडलांना पाणी द्यायला मुलीला ऊन लागतं!

त्यानंतर मी गंगेवर पाऊल ठेवलं नाही. नाशकात राहून, उपाध्यायांच्या घरात वाढून. मैत्रिणी फुलं घ्यायला जायच्या तेव्हा मी पुलावर उभी राहायचे. तुम्ही कधी चल म्हणाला नाहीत. गाडीपाशी मात्र बोलवत राहिलात.

ती गाडी तुम्ही बाबा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात आणलीत, जुनी, कोणाकोणाच्या हातून आलेली. काकू म्हणाली, "भिक्षुकाला गाडी कशाला?" तुम्ही म्हणालात, यजमानांना त्र्यंबकला न्यायला. यजमान त्र्यंबकला एसटीनेच जात राहिले. मग काही वर्षांपूर्वी तिला गॅसचं किट बसवलंत आणि आपली गाडी दोन इंधनांची झाली. सुरू पेट्रोलवर व्हायची, तापली की गॅसवर जायची. तुम्ही कौतुकाने सांगायचात, "माझ्यासारखी आहे. सकाळी एक, दुपारी दुसरंच." त्या किटने आपलं काम मात्र वाढवलं. टाकीतून येणारा गॅस इंजिनात जायच्या आधी ज्या गोल डबीतून जातो, तिला इंजिनाचंच गरम पाणी फिरवून ऊब द्यावी लागते. त्या नळीत हवा अडकली की पाणी फिरत नाही आणि डबी गारठते. सिन्नरच्या कारखान्यात नोकरीला लागल्यावर रोज गाडी नेत होते तेव्हा एकदा भर उन्हात गचके खात बंद पडली. बॉनेट उघडलं तर डबीवर पांढरंशुभ्र हिम. मी फोन केला, तर तुम्ही विचारलंत, "डबीत जाणारी नळी गरम आहे, येणारी गार आहे, बरोबर? हवा राहिलीये. दोन्ही नळ्या सारख्या गरम लागेपर्यंत हवा गेली असं म्हणायचं नाही." तुम्ही तिथे नव्हतात आणि तुम्हाला दिसत होतं. मी हेच सगळ्यांना कौतुकाने सांगत असते.

पण तुमची एक गोष्ट मला कधीच पटली नाही. नरसाळं.

सामानाच्या खोलीत खिळ्याला चांगलं पत्र्याचं नरसाळं टांगलेलं. कूलंट भरताना तुम्ही ते वापरू द्यायचात. पण त्याआधी साध्या पाण्याने धुताना नाही. तेव्हा हात. डाव्या हातात तांब्या, उजव्या तळव्याची ओंजळ, अंगठा बाहेर काढायचा आणि अंगठा आणि तर्जनीच्या मधून पाणी उजवीकडे रेडिएटरच्या तोंडात सोडायचं. एक धार. बारीक, पण न तुटणारी. "धार तुटली की हवा शिरते," म्हणायचात. मी म्हणायचे, नरसाळं आहे ना! "त्यात हवा अडते." धार तुटली की तुम्ही खालचा नळ उघडायचात, सगळं पाणी काढून टाकायचात आणि म्हणायचात, "नाही पोचलं. परत." मनगट दुखेपर्यंत परत. मी चिडून तांब्या आपटायचे आणि तुम्ही तो शांतपणे उचलून पुन्हा भरून द्यायचात. हे नेमकं कधी सुरू झालं ते आज दिवसभर आठवायचा प्रयत्न केला. ते उन्हाचं भांडण झाल्यानंतर, असं एकदा वाटतं. त्याच्या आधीपासूनच होतं, असं दुसऱ्यांदा वाटतं.

आणि इंजिन तापेपर्यंत मी बाबांचा विषय काढला नाही, की तुम्ही म्हणायचात, "नावं म्हण." बाबांचं, आजोबांचं, पणजोबांचं. श्रीधर, गोविंद, त्र्यंबक. गोत्र. मग आजीचं, पणजीचं. मला वाटायचं, मी गप्प राहावं म्हणून हा उद्योग.

असो. तुम्ही गेलात त्या दिवशी मला काही सुचलंच नाही. इगतपुरीहून दिगू आला. तुमच्या चुलतभावाचा मुलगा, रेल्वेतला, मोठ्या खांद्यांचा, भला. त्याच्या हातात मडकं दिलं गेलं आणि त्याने अग्नी दिला. मी बाजूला उभी होते आणि डोक्यात एकच, झाकण उघडं राहिलंय.

दोन-तीन दिवसांनी जरा भानावर आले तेव्हा काकूला सांगितलं, काका असं असं म्हणाले. काकू माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तुला असं म्हणाले? मला तर म्हणायचे, मी जन्मभर लोकांचं केलं, माझं काही म्हणजे काही करू नका. नुसतं सोडून द्या." दिगू ताडकन उठला. "काकू, काय पण! मला गेल्या दिवाळीत स्टेशनवर सोडायला आले होते ना, तेव्हा स्वतः म्हणाले, दिगू, तू आहेस म्हणून मला टेन्शन नाय. आता याचा दुसरा काय मतलब होतो?" बाळूगुरुजी समाचाराला आले, त्यांना विचारलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अण्णा मला म्हणाला होता, बाळ्या, तू आधी गेलास तर मी तुझं करीन, मी आधी गेलो तर तू मंत्र नीट म्हण, गाळू नकोस. बसणार कोण, त्याचं काही बोलला नाही बुवा."

झालं. चौघांना चार गोष्टी. आम्ही चौघंही तुम्हाला नीट ओळखतो अशा खात्रीने एकमेकांकडे बघत होतो.

दिगूचं म्हणणं सरळ आहे. ज्याने अग्नी दिला त्यानेच पुढचं करायचं. गुरुजी म्हणाले, "मुलगी बसली तर मला अडचण नाही, हल्ली बसतात एखादी. घाटावर लोक बोलतील, ते बोलतातच. पण मला पक्कं सांगा. ऐन वेळी पाटावर ओढाओढ नको." आणि मला काय हवं होतं, ते मलाच कळत नव्हतं. बसायचं होतं. बाबांच्या वेळेपासून बसायचं होतं. पण तुमच्या थट्टेवर विश्वास ठेवून बसायचं, आणि तुम्ही नुसतेच हसला असाल तर? मग मी तुमच्या दहाव्याला तुमच्याशी भांडण जिंकायला बसले, एवढंच होईल. ते मला नको होतं. भांडण जिंकायला समोर तुम्ही हवेत.

आज सकाळी मी उठले आणि ठरवलं, निदान गाडीचं तरी संपवू. उद्या काकूला गंगेवर न्यायचं आहे, रिक्षात तिला गुडघे मुडपून बसवत नाही. पंच्यावरचं झाकण पुसलं. रेडिएटरमध्ये डोकावले तर पाणी बरंच खाली गेलेलं. म्हणजे हवा होतीच, तुमचं म्हणणं बरोबर होतं. इंजिन गार होतं. देवळाली कॅम्पातून तुम्ही आणलेला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेतला, तांब्यात ओतलं आणि फाटकाला पाठ करून उभी राहिले.

दिगू दात घासत पडवीत आला. बघत राहिला. मग खोलीत गेला, नरसाळं घेऊन आला आणि माझ्यासमोर धरलं. "हे घे की. हातानं काय भरतेस?"

"त्यात हवा अडते."

"कोण म्हणतं?"

"काका."

"आमच्या शेडात इंजिनात पाणी नरसाळ्यानंच भरतात. नरसाळ्यात कशी हवा अडेल? उलट हातानं सांडेल."

एवढी वर्षं मी कारखान्यात काढली, पंप बघितले, टाक्या बघितल्या, आणि हा प्रश्न मला घराच्या अंगणापलीकडे कधी पडलाच नाही. कुठल्याही गॅरेजात मी कोणाला हाताने पाणी भरताना पाहिलेलं नाही. हात आपला ठरल्यासारखा पाणी सोडत होता.

"तशीच थांब," गाडीच्या बाजूने काकूचा आवाज आला.

काकू कधी या बाजूला येत नाही, तुम्हाला माहीत आहे. आपण काम करायचो तेव्हा गाडीची पाठ घराकडे आणि उघडं बॉनेट मध्ये, स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला फक्त आपले पाय दिसायचे. आज ती चपला न घालता उतरून आली होती; गाडीला वळसा घालून माझ्या शेजारी उभी राहिली आणि माझ्या हाताकडे बघू लागली. मग माझा अंगठा तिने हळूच धरला.

"हे कोणी शिकवलं?"

"काकांनी. पाणी भरायला."

"अगं, पाणी भरायला नाही हे," काकू म्हणाली. "देवाला पाणी सोडतात बोटांच्या टोकावरून. पितरांना असं, अंगठ्याच्या मधून. तू कुठे उभी आहेस बघ. तोंड कुठे आहे तुझं?"

दक्षिणेला होतं, पितरांच्या दिशेला. फाटक उत्तरेला, चढ उत्तरेला, म्हणून गाडीचं तोंड उत्तरेला, म्हणून गाडीसमोर उभ्या राहणाऱ्याचं दक्षिणेला. मी तिला हेच सांगितलं, की काकू, अंगणाला उतारच तसा आहे. ती म्हणाली, असेल.

मग ती पायरीवर बसली आणि मला माहीत नसलेलं सांगत गेली. तुमचा डबा घेऊन ती घाटावर यायची, मागे बसायची. कितीतरी यजमान तिने बघितले. मखमलाबादकडचा एक फुलं पिकवणारा म्हातारा तिला आठवतो, बायकोचं करायला आलेला. पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. म्हणाला, "महाराज, हात लय थरथरतोय. नाय पडत नीट." आणि तुम्ही म्हणालात, "असू द्या बाबा. पोचलं."

"सगळ्यांना तेच म्हणायचे," काकू म्हणाली. "धार तुटू दे, सांडू दे, उलट्या हाताने सोडू दे. पोचलं, पोचलं. मी एकदा विचारलं होतं, की अहो, तुम्ही कोणाला सुधारत का नाही? तर म्हणे, ज्याचं माणूस गेलंय त्याला काय शिकवायचं? शिकवायचं तर आधी."

अण्णाकाका, मला तुम्ही कधीच पोचलं म्हणाला नाहीत. एकदाही नाही. मला आयुष्यभर परत म्हणालात.

मी तांब्या बॉनेटखालच्या पट्टीवर ठेवला आणि तिथेच खाली बसले. रडले, दिगूसमोर, ब्रश तोंडात धरून तो उभा होता त्याच्यासमोर. आणि रडता रडताही मनात तेच, की काका, हे खरं आहे का? तुम्ही मला हे शिकवत होतात? की जन्मभर घाटावर बसलेल्या माणसाचा हातच तसा वळायचा, आणि पाणी म्हटलं की तुम्हाला दुसरी तऱ्हाच माहीत नव्हती? बाबांना पाणी देऊ दिलं नाही म्हणून दर उन्हाळ्यात मला अंगणात, बाबांचं नाव घ्यायला लावून, दक्षिणेला तोंड करून पाणी सोडायला लावत होतात, आणि वर सांगत होतात की रेडिएटर धुतोय? असं असेल तर तुमच्यासारखा लबाड माणूस नाही. एक शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं! आणि असं नसेल, तर मी कशावर रडते आहे?

दिगूने चूळ भरली. तांब्या घेतला, माझ्या शेजारी उभा राहून तळव्यावर पाणी ओतून बघितलं. ते सगळं त्याच्या बाहीत गेलं. पुन्हा बघितलं. पुन्हा बाहीत. "अस्थी गोळा करायच्या दिवशी पण असंच झालं," तो म्हणाला. "गुरुजी काही बोलले नाहीत." मग ओली बाही पिळली. त्याला वाईट वाटलं होतं, मला दिसत होतं. तोही तुमचं काहीतरी जपूनच आला होता. स्टेशनवरचं ते वाक्य त्यानेही मनात कितीदा म्हटलं असेल. शेवटी म्हणाला, "तू बस. मी मागं उभा राहीन. पण गुरुजींना तू सांग, मी नाय सांगणार."

"मी सांगते," काकू म्हणाली. आणि आत जाऊन तिने फोन लावला. मला फक्त एवढं ऐकू आलं, "हो, मुक्ता. नाही, विचार पक्का आहे. माझा."

मग मी गाडी सुरू केली. हीटर फुल. वरची नळी दाबत राहिले. दिगू गॅसच्या डबीवर नजर ठेवून उभा होता, त्याला मी दोन्ही नळ्या दाखवून ठेवल्या होत्या. पेट्रोलवरून गॅसवर घेतली तशी डबी गार पडायला लागली. "अगं, बर्फ धरतोय!" तो ओरडला, अगदी मी पहिल्यांदा ओरडले होते तसा. मी म्हटलं, थांब, घाई नको. पेट्रोलवर परत. पाणी टाकलं, नळी दाबली, सोडली, दाबली. झडप उघडली आणि एकदम गुडगुड करून मोठा बुडबुडा वर आला, त्याच्यामागून बारीक बारीक, आणि पाणी सर्रकन खाली गेलं. भरलं. पुन्हा बुडबुडे. पुन्हा भरलं. तुम्ही असतात तर या वेळात मी बाबांचं विचारलं असतं. विचारायला कोणी नव्हतं म्हणून मी नावं म्हणत होते. श्रीधर, गोविंद, त्र्यंबक. आणि मग लक्षात आलं की उद्या सुरुवात बाबांच्या नावाने करायची नाही. तुमच्या नावाने करायची. तुमचं नाव या यादीत तुम्ही मला कधी म्हणायला लावलं नव्हतंत. मी ते मोठ्याने एकदा म्हणून बघितलं. म्हणता आलं, पण इंजिनाच्या आवाजात.

बुडबुडे थांबले. गाडी पुन्हा गॅसवर घेतली. दिगूने एक नळी धरली, मी दुसरी. "गरम," तो म्हणाला. माझीही गरम होती. सारखीच. मी झाकण उचललं, पंच्याने पुसलं आणि लावलं. अण्णाकाका, मी तुमची वाट बघितली होती. तुम्ही आला नाहीत, म्हणून लावलं.

तुम्ही रविवारी थट्टा केलीत की मनातलं सांगितलंत, हे मला अजून कळलेलं नाही. काकू म्हणते, तिची खात्री पटली. दिगू म्हणतो, बाही ओली झाली तेव्हाच पटली. माझी पटलेली नाही. नळ्यांसारखं तुमचं काही हाताला लागत नाही. पण हात मला तुम्ही दिलेला आहे, एवढं नक्की, आणि तो मी उद्या घेऊन येणार आहे. ऊन कितीही असलं तरी.

बाबांच्या वेळी मी ज्या पायरीवर उभी होते तिथून खाली उतरेन. पाटावर बसेन. तुमचं नाव घेईन आणि अंगठा बाहेर काढून पाणी सोडेन. सगळे म्हणतील पोचलं. त्यांचं मी ऐकणार नाही. मी धारेकडे बघेन, कारण ती तुटली तर परत म्हणायला आता तुम्ही नाही.